सम्यक आजीविका आणि कामावरचे सोबती
(विहारातील वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज कशावर बोलणार, असे संयोजकांनी मला विचारले, तेव्हा मी ‘नोकरीवर बोलेन’ असे सांगितले. त्यांना थोडे नवल वाटले. वर्षावासात परमपूज्य बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू असताना नोकरी हा विषय मध्येच कोठून आला, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसला. परंतु आपण साधा हिशेब करून पाहा. विहारात आपण आठवड्यातून एक तास, फार तर दोन तास बसतो. कारखान्यात, कचेरीत, शाळेत, इस्पितळात आपले आठवड्याचे ४८ तास जातात. जो धम्म त्या ४८ तासांत आपल्या उपयोगी पडत नाही, तो विहारातील एका तासात आपले काय भले करणार?

हा ४८ चा आकडाही आपल्याला सहज मिळालेला नाही. पूर्वी कारखान्यात आठवड्याला ५४ तास काम करावे लागे. ते ४८ वर आणणारी कारखाना कायद्याची दुरुस्ती १९४६ साली झाली आणि तिचे विधेयक त्या वेळचे मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी मांडले होते. म्हणजे ज्यांनी आपल्याला दीक्षा दिली त्यांनीच आपल्या कामाचे तासही मोजले होते.

तुमच्यापैकी अनेक कुटुंबांनी अलीकडेच दीक्षा घेतली आहे. घरातील देव्हारा उतरला, भिंतीवर तथागतांची प्रतिमा आली, मुले त्रिशरण-पंचशील म्हणू लागली. घरात हा बदल करणे तुलनेने सोपे असते, कारण घर आपले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेल्यावर मात्र टेबल तेच, यंत्र तेच, माणसेही तीच. त्यांतला एखादा हसत विचारतो, “काय, धर्म बदललात म्हणे?” त्या हसण्यास कसे उत्तर द्यावे, हा प्रश्न मला अनेक तरुणांनी विचारला आहे. काही जण मान खाली घालतात. काही भांडतात. काही तर आडनाव सांगण्याचेच टाळतात. या तिन्ही वाटांनी गेलेल्या माणसांना कामात समाधान मिळालेले मी पाहिलेले नाही.

कामात समाधान नसण्याचे मूळ कोठे आहे, हे बाबासाहेबांनी फार पूर्वी दाखवून ठेवले आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले आणि ते अधिवेशनच रद्द झाल्यामुळे १९३६ साली त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केलेले भाषण आपण वाचले असेल. जात ही श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यातील विचार आपल्याला पाठ असतो. परंतु त्याच्या पुढचा मुद्दा आपण सहसा वाचून सोडून देतो. माणसाची आवड आणि कुवत न पाहता जन्मावरून ठरवून दिलेले काम माणसाच्या मनात तिटकारा उत्पन्न करते, ते टाळण्याची इच्छा उत्पन्न करते, आणि ज्या कामात हृदय नाही व बुद्धीही नाही त्या कामात कर्तबगारी कोठून येणार, असा तो मुद्दा आहे. आळस हा कोणा एका जातीचा स्वभाव नव्हे, तो लादलेल्या कामाचा परिणाम होय. आपल्या आजोबा-पणजोबांनी वतनाची कामे केली. सांगावे पोहोचवले, सरकारी पाहुण्यांची ओझी वाहिली. ती गावाची सेवाच होती. पण ती सेवा करणाऱ्यास नाही म्हणण्याचा अधिकार नव्हता. १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. मनातून ती पूर्णपणे गेली आहेत काय, हे प्रत्येकाने आपले आपण तपासावे.

कोणी म्हणेल, हा खेड्यातला प्रकार झाला. कारखान्यात सगळे मजूर एकच. तसे असते तर किती बरे झाले असते! मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास पाहा. सूतकताईच्या खात्यात आपली माणसे होती. विणकामाच्या खात्यात पगार अधिक, आणि तेथे आपल्या माणसांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातील कांडी बदलली की नव्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार! विटाळाला तेवढे पुरेसे झाले. १९२८ साली सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. विणकाम खात्याची ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घातली पाहिजे, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. ती पुढाऱ्यांनी नाखुशीने घातली, आणि मालकांनी उलट ऐकवले की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. मालकांचे इतर अन्याय काही थोडे नव्हते. परंतु या एका बाबतीत त्यांचे उत्तर खोटे नव्हते. ही बंदी शेजारच्या साच्यावर उभ्या असलेल्या सोबत्याने घातलेली होती. म्हणून सोबत्यांशी नाते हा विषय आपल्यासाठी केवळ गोड बोलण्याचा विषय नाही.

आता पाण्याकडे येतो. महाडचे चवदार तळे आपण प्रत्येक मार्चमध्ये आठवतो. पण बाबासाहेबांना पाणी नाकारले गेले ते तळ्यावरच असे नाही. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. तेथे शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून फेकत, आणि कचेरीत त्यांना पिण्याचे पाणी मिळत नसे. पुढे १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी घेण्यास तेथील काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. हे लोक निरक्षर नव्हते, प्राध्यापक होते. त्याच महाविद्यालयात बाबासाहेबांच्या तासाला इतर महाविद्यालयांचे विद्यार्थी परवानगी काढून येऊन बसत. अपमानाच्या जागीच त्यांनी आपले काम इतके उत्तम केले. मात्र ‘मी इतके उत्तम शिकवतो, आता तरी पाणी द्या’ असा सौदा त्यांनी केला नाही. काम उत्तम करणे ही एक गोष्ट आणि पाण्यावरचा हक्क ही दुसरी गोष्ट. पहिलीच्या मोबदल्यात दुसरी मागावयाची नसते.

याच पाण्याच्या दोन गोष्टी बौद्ध वाङ्मयात आहेत, आणि त्या एकीमागून एक येतात.

पहिली कोसंबीची. तेथे एका धम्मकथिक भिक्खूने शौचकूपातील भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले. विनय जाणणाऱ्या दुसऱ्या भिक्खूने ती चूक दाखवली. मुद्दाम केले नसेल तर दोष नाही, असेही तोच म्हणाला; आणि मग आपल्या शिष्यांजवळ मात्र ‘त्याला आपला दोषही कळत नाही’ असे बोलला. समोर एक आणि पाठीमागे दुसरे! कचेरीत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. त्या ओंजळभर पाण्यावरून संघात दोन तट पडले. तथागतांनी समजूत घातली, ती ऐकली गेली नाही. शेवटी ते त्यांना सोडून एकटे निघून गेले. कोसंबीच्या उपासकांनी त्या भिक्खूंना भिक्षा देणे बंद केले, तेव्हा कोठे त्यांचे डोळे उघडले. या कथेतील उपासकांचा निर्णय मला फार आवडतो.

दुसरी गोष्ट पुढच्या मुक्कामाची. तथागत प्राचीनवंस नावाच्या वनात आले. तेथे अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे राहत होते. वनाच्या रखवालदाराने तथागतांना ओळखले नाही आणि आत येऊ नका, येथे तिघे जण साधना करीत आहेत, असे त्यांनाच बजावले. (बिचारा आपले काम चोख करीत होता!) अनुरुद्धांनी बाहेर येऊन त्यांचे स्वागत केले. तुम्ही एकत्र कसे राहता, असे तथागतांनी विचारले, तेव्हा अनुरुद्धांनी कसलेही तत्त्वज्ञान सांगितले नाही. रोजचे काम सांगितले. भिक्षेहून जो आधी परत येतो तो आसने मांडतो, पिण्याचे व पाय धुण्याचे पाणी ठेवतो. जो शेवटी येतो तो उरलेले आवरतो व जागा झाडतो. ज्याला पाण्याचे मडके रिकामे दिसेल तो ते भरतो. एकट्याला पेलले नाही तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो. त्यासाठी कोणी तोंडही उघडत नाही. आणि दर पाचव्या रात्री तिघे मिळून धम्माची चर्चा करतात.

ज्याला रिकामे दिसेल तो भरतो. पाणी भरण्याचे काम कोणाच्या वाट्याचे, हा प्रश्नच तेथे नाही. आणि पाणी भरणारे हे हात कोणाचे होते? अनुरुद्ध आणि किंबिल हे शाक्य राजकुमार होते. संघात येताना या शाक्यांनी तथागतांना विनंती केली होती, की आमच्याबरोबर आलेल्या उपाली न्हाव्याला आमच्या आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने असते. त्यामुळे उपाली त्यांना कायमचा ज्येष्ठ झाला. मैत्री करावयाची तर उंचावर बसलेल्याने आधी खाली उतरावे लागते, हे त्यांना कळलेले होते.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सहा दिशांचा अर्थ सांगितला आहे. राजगृहाचा सिगाल हा तरुण रोज पहाटे ओल्या वस्त्रांनी दिशांना नमस्कार करीत असे. तथागतांनी त्याला सांगितले की आईवडील, गुरुजन, पत्नी, मित्र व सोबती, कामकरी, श्रमण याच खऱ्या दिशा होत. उत्तर दिशा मित्रांची आणि सोबत्यांची. त्यांच्याशी वागण्याच्या पाच रीती सांगितल्या आहेत : देणे, प्रिय बोलणे, त्यांच्या हिताचे करणे, समानतेने वागणे आणि न फसवणे. यांतील चौथी, पाली भाषेत समानत्तता, ही आपण बारकाईने पाहावी. पहिल्या तीन गोष्टी गुलामही मालकासाठी करू शकतो. चौथी गोष्ट गुलामाला करता येत नाही. म्हणून सोबत्याला चहा पाजणे, त्याचे अडलेले काम करून देणे, त्याच्याशी गोड बोलणे हे सर्व करावे, अवश्य करावे. परंतु समानता वगळून ते केले तर ती मैत्री होत नाही, ती नव्या वेषातील वतनदारी होते.

येथे मला स्वतःचा एक अनुभव सांगावा लागेल. १९७८ साली मी एका जिल्ह्याच्या गावी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो. कोपऱ्यात माठ होता, त्यावर ओगराळे आणि एक स्टीलचा पेला. खिडकीत एक काचेचा पेला वेगळा ठेवलेला होता आणि शिपाई त्यात वरून पाणी ओतून मला देई. कोणी काही बोलले नव्हते. बोलावे लागतच नाही. मी दुसऱ्या आठवड्यापासून घरून बाटली नेऊ लागलो आणि आठ महिने नेत राहिलो. लोकांना वाटे, मी तब्येत जपणारा आहे. मलाही तसेच वाटू देणे सोयीचे होते.

त्या उन्हाळ्यात विहारात ही अनुरुद्धांची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. पुढे एके दिवशी शिपाई रजेवर होता. मी वेळेआधी पोहोचलो, माठ कोरडा होता. मी तो घासला, नळावरून भरून आणला आणि त्याच स्टीलच्या पेल्याने पाणी प्यालो. हात कापत होता, हे लपवत नाही. अकरा वाजेपर्यंत सर्वांना कळले होते. दुपारपर्यंत माठाजवळ कोणी फिरकले नाही. बाहेरच्या हॉटेलाचा धंदा त्या दिवशी चांगला झाला असेल. तीनच्या सुमारास आमचे वयस्कर हेडक्लार्क उठले, ओगराळ्याने पाणी घेतले, प्याले आणि एवढेच म्हणाले, “पाणी गार आहे.” त्यानंतर हळूहळू इतर जण आले. एक गृहस्थ मात्र त्यांची बदली होईपर्यंत बाहेर जाऊनच पाणी पीत राहिले. त्याला माझ्याजवळ इलाज नव्हता आणि मी तो शोधलाही नाही. हेडक्लार्कांनी पुढे मला सेवानियम आणि हिशेबाची सर्व पुस्तके शिकवली. कामातील माझे समाधान तेथून सुरू झाले. काम नीट येऊ लागले की दिवस लहान वाटू लागतो.

दीघजाणु नावाच्या कोलिय गृहस्थाने तथागतांना विचारले होते, की आम्ही संसारी माणसे, आम्हाला या जन्मी हिताचे होईल असे काही सांगा. तथागतांनी चार गोष्टी सांगितल्या. आपल्या उद्योगात दक्ष व कुशल असणे ही पहिली. मिळवलेले सांभाळणे, चांगल्या माणसांची मैत्री, आणि मिळकतीच्या मापाने खर्च करणे या पुढच्या तीन. संसारी माणसाच्या मिळकतीच्या हिशेबातच त्यांनी कल्याणमित्रता धरली आहे! तेव्हा आपल्या कामाचे नियम सोबत्यांपेक्षा चार अधिकच ठाऊक असावेत. ‘तुम्ही सवलतीने आलात’ असे टोचणाऱ्याशी चहाच्या टेबलावर वाद घालू नका. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, त्या त्याच्या मेहेरबानीने नव्हेत, एवढे आपल्याला ठाऊक असले म्हणजे पुरे.

मात्र टोचणे वेगळे आणि जातीवरून अपमान करणे वेगळे. अपमान झाला तर संविधानाचे १७ वे कलम आहे, १९५५ चा कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. त्यांचा उपयोग करणे हे मैत्रीच्या विरुद्ध नाही. भगिनींनी हेही लक्षात ठेवावे, की जेथे १० किंवा अधिक माणसे काम करतात, तेथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने सक्तीचे आहे. ती आहे की नाही, हे गरज पडण्याच्या आधी विचारून ठेवा. संतोष हे श्रेष्ठ धन आहे, हे धम्मवचन पुढे करून कोणी तुम्हाला गप्प राहण्यास सांगेल. बाबासाहेबांनी त्याचा अर्थ स्पष्ट केलेला आहे : संतोष म्हणजे परिस्थितीपुढे मान तुकवणे नव्हे. आपली स्थिती बदलू नका, असे तथागतांनी दुःखी माणसाला कधीही सांगितलेले नाही.

याच ठिकाणी काही कुटुंबांची एक अडचण सांगितली पाहिजे. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. बापाच्या जागी मुलाने झाडू घ्यावा काय, असे मला विचारले जाते. घरात चूल पेटणे आवश्यक आहे, आणि प्रामाणिक कामात लाज नाही. परंतु बापाचे काम मुलाला, मुलाचे नातवाला, ही साखळी आपण जेथून उठून आलो त्याच घरची आहे. नोकरी घेतलीच, तर शिक्षण सोडू नका, वरच्या पदाच्या परीक्षा द्या, आणि तिसऱ्या पिढीसाठी ती जागा राखून ठेवू नका. हे मी कठोरपणे बोलत असेन, तर तसे असो.

आणखी एक गोष्ट. अन्याय सोसलेल्या माणसाला प्रत्येक उच्चवर्णीय सोबती शत्रू दिसू लागतो. महाडच्या लढ्यात ब्राह्मणांना घेऊ नका, मग आम्ही पाठिंबा देऊ, अशी अट जेधे-जवळकरांनी घातली, तेव्हा बाबासाहेबांनी ती नाकारली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. आणि ब्राह्मणशाही म्हणजे स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार, तो कोणत्याही जातीत असू शकतो, असेही तेथेच बजावले.

कोणत्याही जातीत म्हणजे आपल्यातही, हे मला फार उशिरा कळले. पुढे मी त्याच खात्यात अधीक्षक झालो. माठ जाऊन थंड पाण्याचे यंत्र आले होते. कंत्राटावर झाडलोट करणाऱ्या एक मावशी रोज सकाळी येत. २००९ सालच्या एप्रिलमध्ये एके दिवशी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “साहेब, आज बाहेरच्या नळाला पाणी नाही. तुमच्या यंत्रातून एक बाटली भरून घेऊ का?” त्या दोन वर्षे आमच्याकडे काम करीत होत्या. त्या पाणी कोठे पितात, हे दोन वर्षांत माझ्या ध्यानातही आले नव्हते. त्यांना कोणी मनाई केलेली नव्हती. माझ्या खिडकीतील काचेच्या पेल्याबद्दलही कोणी काही बोलले नव्हते.

मी त्यांना म्हणालो, “विचारायचे कशाला, मावशी? रोजच घेत चला.” त्या दिवशी त्यांनी घेतले, दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेरच्या नळावर गेल्या. नुसते सांगून ते होणार नव्हते. मग मी साडेदहाचा चहा माझ्या खोलीत मागवणे बंद केले आणि यंत्राजवळच्या बाकावर सर्वांबरोबर घेऊ लागलो. सुमारे तीन आठवड्यांनी एके दिवशी मावशी तेथे आल्या, पेला घेतला, आणि पाणी पिऊन माझ्याच शेजारी दोन मिनिटे टेकल्या. यंत्राच्या खालची जाळी तुंबते, ती काढून धुवावी लागते, असे त्यांनी मला सांगितले. मला ते ठाऊक नव्हते. दोघांनी मिळून ती जाळी काढली.

पुढच्या रविवारी सिगालोवाद सुत्तातील कामकऱ्यांविषयीच्या भागाचे वाचन आहे. ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात त्यांनी अवश्य यावे.

नमो बुद्धाय. जय भीम.